बांबूला दोष देण्याआधी धनुष्याचा तोल बघा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या पेपरात आमच्याकडची एक छोटी बातमी आली होती. शालेय तिरंदाजी स्पर्धेत एका मुलीचं धनुष्य मोडलं, तुकडा गालाला लागला, दोन टाके पडले. वर मथळा, 'निकृष्ट बांबूमुळे दुर्घटना'. बातमी चार ओळींची, पण त्यात जी चूक आहे ती मला पंधरा दिवस झोपू देत नाही. मी सुतार आहे. कुरखेडा तालुक्यात राहतो, शाळा नववीपर्यंत झाली. नांगर, दारं-चौकटी, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी हे माझं काम. लिहिणं बिलबुकापुरतं. तेव्हा वाक्य कुठे खडबडीत वाटलं तर आपण खुशाल रंधा मारा, फक्त माप बदलू नका.

ती मुलगी माझ्या भाचीची, म्हणजे माझी नातच. तिला घेऊन मैदानावर मीच गेलो होतो. तीस मीटरची फेरी चालू होती. तिने दोरी गालापर्यंत आणली आणि सुपारी फुटावी तसा आवाज झाला. पोरीला घेऊन सगळे दवाखान्याकडे पळाले, मीही पळालो, पण जाताना ते दोन तुकडे दुपट्ट्यात गुंडाळून घेतले. सुताराची सवय. मोडलेली वस्तू टाकून देण्याआधी ती कुठे मोडली हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

रात्री कंदिलाजवळ तुकडे जोडून बघितले. (वीज होती, पण कंदिलाचा उजेड तिरपा पडतो आणि तिरप्या उजेडात लाकूड खोटं बोलत नाही.) पहिली गोष्ट, बांबू चांगला होता. जुना, पक्का, भरीव मानवेल. किडीची भोकं नाहीत, भुसा नाही, चिरलेल्या जागी धागे लांब आणि चिवट. असा बांबू मला मिळाला तर मी उपाशी राहून विकत घेईन. दुसरी गोष्ट, धनुष्य वरच्या टोकापासून एक वीत खाली मोडलं होतं, बरोबर एका गाठीवर. त्या गाठीवरची हिरवी साल ग्राइंडरने सपाट केलेली, वर चकचकीत पॉलिश. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच जागी आतल्या अंगाला, म्हणजे मारणाऱ्याकडे जी बाजू येते तिथे, आडव्या बारीक चुण्या पडल्या होत्या. बोटाचं पेर दुमडल्यावर पडतात तशा. या चुण्या एका दिवसात पडत नाहीत. म्हणजे ते धनुष्य महिनाभर आधीपासून त्याच एका जागी दुमडत होतं आणि कुणी बघितलं नव्हतं.

पट्टी लावली. खालच्या बाजूला मधोमध जाडी चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वर मोडल्या जागी तीन. आता कुणी म्हणेल, एका सुताने काय होतं? पट्टीची ताठरता जाडीच्या घनाने चालते. चाराचा घन चौसष्ट, तिनाचा सत्तावीस. म्हणजे जाडी पाव भागाने कमी झाली, पण त्या जागेची ताठरता निम्म्याहून खाली आली. उरलेलं सगळं धनुष्य अकडून बसलं आणि वाकण्याचं सगळं काम त्या एका वीतभर तुकड्याने केलं. घरात चार भाऊ आणि राबतो एकच, त्यातली गत. तो एक दिवस मोडणारच.

नातीला टाके घालून आणल्यावर विचारलं, तर म्हणते, "आबाजी, तीर आधीपासूनच खाली-वर नाचत जाये जी. सर म्हनत, तुझा हात हालते." पोरीचा हात हलत नव्हता. धनुष्याची एक बाजू ताठ आणि एक ढिली असली की दोन्ही टोकं एका वेळी परत येत नाहीत. दोरी सरळ पुढे न जाता खाली-वर होत जाते आणि तीर शेपूट हलवत सुटतो. ती बिचारी महिनाभर स्वतःचा हात दुरुस्त करत बसली.

मला हे काम शिकवलं ते आमच्या शेजारच्या गावातल्या एका गोंड काकांनी. ते आता नाहीत. माझे वडील त्यांच्याकडे नांगराचं लाकूड आणायला जायचे, मी सोबत. आपण ज्याला तीरकमठा म्हणतो त्याला गोंडीत 'विल' म्हणतात, हा शब्द मला त्यांच्याकडूनच कळला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा शिकार बंद झाली. ती बंद झाली हे चांगलंच झालं, माझं त्याबद्दल म्हणणं नाही. पण त्याबरोबर धनुष्य करणारे हातही हळूहळू दुसऱ्या कामाला लागले. काका मात्र करत राहिले, लग्नासाठी, सणासाठी, कधी नुसतंच.

ते बांबू तोडायचे थंडीत, तोही तीन वर्षांच्या पुढचा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत गोडवा जास्त असतो आणि त्याला कीड लवकर लागते. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी असते, पेराला पानोळा, म्हणजे वरचं आवरण, चिकटलेला असतो. पिकलेला बांबू मळकट हिरवा दिसतो, अंगावर शेवाळाचे ठिपके, कोयत्याची पाठ मारली की आवाज टणक. तोडून घराच्या आढ्याला सावलीत टांगायचा आणि विसरून जायचं. पुढच्या थंडीपर्यंत त्याकडे बघायचं नाही.

मग बुडाकडचा भाग घेऊन उभा फाकायचा. इथेच पहिली गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण शाळांना धनुष्यं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माल इथेच फसतो. बांबू बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे पातळ असतो. पेरंही सारखी नसतात, बुडाकडे आखूड, वर लांब. तेव्हा मशीनवर दोन्ही बाजू मोजून सारख्या कापल्या म्हणून त्या सारख्या वाकतील असं मुळीच नाही. एका बाजूला तीन गाठी आल्या आणि दुसऱ्या बाजूला दोन, तर माप तेच असून चाल वेगळी. सागाच्या फळीला जे माप चालतं ते बांबूला चालत नाही. काका बुडाकडची बाजू नेहमी खाली ठेवायचे. का ते पुढे सांगतो.

बाहेरच्या सालीला, म्हणजे धनुष्याच्या पाठीला, हात लावायचा नाही हा दुसरा नियम. बांबूचा सगळा दम त्या सालीत आहे, तिथेच त्याचे धागे सगळ्यात दाट. ओढल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवर एक धागा तुटला की तिथून चीर चालू होते. गाठीवर साल जरा उंच दिसते, दिसू द्यावी. ती सपाट करून पॉलिश मारणं म्हणजे बैल देखणा दिसावा म्हणून त्याची शिंगं अशी तासायची की रक्त निघेल. जे काढायचं ते सगळं आतून, पोटाकडून.

आता मुख्य काम. याला काका काही नाव देत नव्हते, आम्ही 'तोल काढणं' म्हणतो. माझ्या शेडच्या भिंतीला एक सागाची फळी ठोकली आहे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खुंटी. खुंटीवर धनुष्याची मूठ अशी ठेवायची की दोन्ही हात दोन्हीकडे मोकळे राहतील. (धनुष्याच्या दोन बाजूंना कोचलोक 'लिंब' म्हणतात, आम्ही हातच म्हणतो.) सुरुवातीला दोरी ढिली आणि लांब लावायची. दोरीला आकडा, आकड्याला दोर, दोर खाली कप्पीतून फिरवून आपल्या हातात, मध्ये मोहफुलं मोजायचा स्प्रिंगचा काटा. दोर ओढला की समोर उभं राहून दोन्ही हात एकाच वेळी वाकताना दिसतात. स्वतःच्या हातात धनुष्य धरून ओढलं तर ते कधीच दिसत नाही, तेव्हा आपलं डोकं दोरीमागे असतं.

पहिल्या दिवशी दोन बोटं वाकवायचं, बस. कुठे ताठ आहे ते पेन्सिलीने खूण करायचं, उतरवायचं, खुणेच्या जागीच खरवडायचं. मग परत चढवून वीस-पंचवीस वेळा हलकं ओढायचं आणि नंतरच बघायचं. हे ओढणं लोक टाळतात. बांबू असो की लाकूड, त्याला नवीन जाडीची सवय व्हायला वेळ लागतो. खरवडल्या खरवडल्या बघितलं तर फरक दिसत नाही, माणूस अजून खरवडतो, आणि तिसऱ्या दिवशी कळतं की जास्त गेलं. दोन्ही हात सारखे वाकेपर्यंत दोरी त्या दोन बोटांच्या पुढे न्यायची नाही. आणि काटा ठरलेल्या वजनाच्या पुढे कधीच जाऊ द्यायचा नाही. नातीला अठरा पौंडांचं धनुष्य लागतं, म्हणजे ओढायला आठ किलोच्या आसपास जोर. काटा आठवर आला की थांबायचं, मग दोरी सहा इंच आली असो की दहा. ताठ धनुष्याला जबरदस्तीने पुढे ओढलं तर जिथे आधीच पातळ आहे तीच जागा मार खाते, आणि एकदा बसलेला बाक परत जात नाही.

माझं पहिलं धनुष्य कसं गेलं ते सांगतो. मी तेव्हा एकवीस-बावीसचा असेन. उजवा हात ताठ दिसला, खरवडला. मग डावा ताठ दिसला, तो खरवडला. मग उजवा. दोन मांजरांच्या लोण्याच्या वाटणीला बसलेलं माकड आठवा. तराजूचं हे पारडं खाली गेलं की इथला घास, ते गेलं की तिथला. संध्याकाळी दोन्ही हात अगदी सारखे वाकत होते, फोटो काढावा असे. फक्त धनुष्य इतकं हलकं झालं होतं की भाच्याने त्यातून तुरीच्या काड्या उडवल्या. काका हसले नाहीत. म्हणाले, "जे वाकते त्याले हात लावू नोको. जे अकडते त्यालेच घास. आन् घासाच्या आधी बिडी पी." बिडी मी पीत नाही, पण त्यातला अर्थ कळला. घाईत बघितलेला वाक चुकीचा दिसतो.

एखाद्या जागी जास्त वाकत असेल तर ती जागा दुरुस्त होत नाही. काढलेलं परत लावता येत नाही. ती जागा सोडून बाकी सगळं तिच्या बरोबरीला आणायचं, एवढाच उपाय, आणि तेवढी ताकद गेली म्हणून समजायचं. म्हणून शेवटचे दोन दिवस मी कोणतंही लोखंड वापरत नाही. आधी वाकस, मग रंधा, मग कानस, आणि शेवटी काच. खिडकीच्या फुटक्या काचेचा ताजा तुकडा, धार कोरी, हाताला कापड गुंडाळून. बांबूवर काटकोनात धरून ओढला की शेवयांपेक्षाही बारीक कुरळे निघतात, नंतर नंतर तर नुसतं पीठ. एका बसण्यात चिमूटभर पीठ. त्या चिमटीने काट्यावर फरक दिसतो, हे बघितल्याशिवाय कुणाला पटणार नाही.

पातळ-जाड ओळखायचं तर डोळे मिटून. अंगठा पाठीवर, तर्जनी पोटावर, मुठीपासून टोकापर्यंत सावकाश सरकवत जायचं. पायरी असेल तर बोट अडखळतं. दुसरी युक्ती म्हणजे वीतभर लांबीची एक सरळ पट्टी. धनुष्य थोडं ओढून बांधून ठेवायचं आणि ती पट्टी पोटावर टेकवत न्यायची. वाकलेल्या जागी पट्टीच्या मधोमध फट दिसते, उजेड येतो. फट मोठी झाली तर तिथे जास्त वाकतंय, फट बुजली तर तिथे ताठ आहे. मुठीजवळ फट जवळजवळ नसावी, मधल्या भागात सारखी असावी, टोकाच्या चार-पाच बोटांत परत कमी. बैलाच्या शिंगासारखं, बुडाशी ताठ आणि मग सावकाश वळण. नंदी करणाऱ्याला हे लवकर कळतं, कारण एक शिंग लवलेला नंदी पोळ्याच्या बाजारात कुणी घेत नाही.

काकांकडे पट्टी नव्हती, काटा नव्हता. ते धनुष्य दोरीने ओढून बांधायचे, संध्याकाळी चुन्याच्या भिंतीसमोर टांगायचे आणि मागे दिवा लावायचे. भिंतीवर सावली पडली की कोळशाने तिची रेघ मारायची. मग धनुष्य उलटं करून, वरचं टोक खाली घेऊन, त्याच खिळ्याला. नवी सावली जुन्या रेघेच्या बाहेर जिथे गेली तिथे काम बाकी. मी हे सगळं नातीला सांगितलं तर तिने मोबाइलमध्ये फोटो काढला, उलटा केला, एकावर एक ठेवला. दोन मिनिटांत तेच. "आबाजी, तुमची भिंत खराब नाही होत," म्हणते. गोष्ट खरी आहे, पण मला अजूनही भिंतच आवडते.

या संदर्भात एका सरांनी मला स्पर्धेनंतर विचारलं की आदिवासींची धनुष्यं कुठे एवढी मोजून-मापून बनायची, मग पोरांच्या धनुष्याला एवढा खटाटोप कशाला? राग आला होता, पण मैदानावर काही बोललो नाही. इथे बोलतो. ती मोजूनच बनायची. माप भिंतीवर होतं, कागदावर नव्हतं एवढंच.

आता बुडाची बाजू खाली का ते. आपण मूठ धनुष्याच्या मधोमध धरतो, पण तीर मुठीच्या वरून जातो आणि बोटं दोरीला मध्याच्या जरा वर धरतात. म्हणजे ओढ बरोबर मधून पडत नाही. तेव्हा दोन्ही हात तंतोतंत सारखे करून चालत नाही, खालचा हात जरासा ताठ ठेवावा लागतो, म्हणून जाड बुडाची बाजू खाली. दोरी चढवली की मुठीच्या वरच्या कडेपासून आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. वरचं अंतर एक सूत, फार तर दीड सूत जास्त भरलं की धनुष्य हातात शांत बसतं. मोडलेल्या धनुष्याच्याच लॉटमधली उरलेली धनुष्यं सरांच्या परवानगीने मी फळीवर लावून बघितली. तीन धनुष्यांत हा फरक इंचाच्या आसपास होता, आणि त्यातल्या दोघांत तो उलटा, खालचा हात ढिला. एक धनुष्य मात्र चांगलं निघालं. ते योगायोगाने तसं झालं असावं, कारण ज्याने केलं त्याने ते कधी वाकवून बघितल्याची एकही खूण त्यावर नव्हती. दोरीच्या खाचासुद्धा कोऱ्या होत्या.

शाळेत खरेदीचा कागद बघायला मिळाला. 'बांबू धनुष्य, ५ फूट ६ इंच, पॉलिशसह, नग १०.' संपलं. किती पौंडांचं, कुणासाठी, किती लांब ओढायचं, काही नाही. अशा कागदावर जे यायचं तेच आलं. पुरवठा करणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे, पण या पत्राचा मुद्दा तो नाही. त्याने मागितलं तेच दिलं, लांबी आणि पॉलिश. पॉलिश खरोखर छान होतं.

न्यायाने बोलायचं तर मुलांकडूनही चुका होतात. तीर न लावता दोरी ओढून नुसती सोडण्याची त्यांना फार हौस. तीर असला की धनुष्याचा जोर तीर घेऊन जातो, नसला की तो सगळा परत धनुष्याच्याच अंगावर येतो. चांगलं धनुष्यही अशाने मोडतं. दोरी चढवलेलं धनुष्य रात्रभर खिळ्याला टांगून ठेवणं, उन्हात टपावर टाकून नेणं, हेही आहेच. माझ्या नातीने यातलं काही केलं नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पोटावरच्या त्या चुण्या एका जागीच का पडल्या, याचं उत्तर मुलांच्या खोडीत मिळत नाही.

बांबूच्या धनुष्यावर खेळायचा भारतीय प्रकार, ज्याला 'इंडियन राउंड' म्हणतात, तो पन्नास आणि तीस मीटरवर होतो. आमच्या जिल्ह्यातली गरीब पोरं तिरंदाजीत शिरतात ती या दारातून. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, अंतिम लढतीत दीडशेपैकी दीडशे. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात जिंकला. विदर्भाच्या पोरांच्या डोळ्यांत किती दम आहे हे दाखवायला अजून काय हवं? त्यांची धनुष्यं महागडी, चाकांची. त्या धनुष्यांना हात जिथे बसतो तिथे बोल्ट असतात, पाना फिरवला की तोल कमी-जास्त करता येतो, चुकलं तर उलटा फिरवायचा. बांबूला बोल्ट नसतो. म्हणून ज्या पोरांना सगळ्यात साधं धनुष्य मिळतं, त्यांच्यासाठीच ते सगळ्यात काळजीपूर्वक केलेलं असायला हवं. होतं याच्या उलट.

बांबू आम्हाला कुठून आणायचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने लढून जंगलावरचा सामूहिक हक्क घेतला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आज आजूबाजूच्या अनेक ग्रामसभा आपला बांबू आपण तोडतात, विकतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पंधरा-वीस तरुणांना एक थंडीभर तीरकमठ्याचं काम शिकवावं आणि ज्या चार-दोन म्हाताऱ्यांना ते अजून येतं त्यांना रोजी देऊन शिकवायला बसवावं. मी फुकट येईन, काच माझी मी आणीन. खरेदीच्या कागदात एवढं लिहावं की धनुष्य किती वजनाचं आणि किती ओढीचं, आणि ताब्यात घेण्याआधी ते खुंटीवर ओढून दोन्ही हातांचा वाक बघितला जाईल. यासाठी लागते एक फळी, एक खुंटी आणि मोहफुलं मोजायचा काटा. शाळेत फळी नसेल तर मी देईन, सागाची.

दुसरं, मजुरीचं. एका धनुष्याला मला पाच दिवस लागतात. सलग पाच नाहीत, रोज दोन-तीन तास, बाकी वेळ ते भिंतीला टांगलेलं असतं आणि मी दार-चौकटीचं काम करतो. नगावर भाव काढला की माणूस ते टांगणं सोडून देतो, वीस वेळा ओढणं सोडून देतो, काचेऐवजी ग्राइंडर धरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्याही घरी चूल आहे. पाच दिवसांच्या कामाला पाच दिवसांचे पैसे मिळाले तर तो सगळं करेल.

आणि आपल्याला एक विनंती. 'निकृष्ट बांबू' छापून आल्यावर आमच्याकडच्या दोन शाळांनी बांबूची धनुष्यं यंदा नकोच असं ठरवल्याचं ऐकतो. फायबरची घ्यायला पैसे नाहीत, म्हणजे खेळ बंद. तेव्हा जमलं तर एक ओळ छापावी की त्या धनुष्याचा बांबू चांगला होता. तुकडे माझ्याकडे आहेत. आपल्या वार्ताहराला पाठवा, मी कंदील लावून दाखवतो.

नातीचे टाके निघाले. गालावर खूण राहील, डॉक्टर म्हणाले. तिच्यासाठी नवीन धनुष्य फळीवर आहे. काटा आठ किलो दाखवतो, वरच्या हाताची मधली वीत अजून जराशी ताठ आहे, पट्टीखालून उजेड पुरेसा येत नाही. तिला उद्याच हवं आहे. मी तिला सांगितलं, रविवारी.

आपला,
एक सुतार-वाचक
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली